प्रकाशाच्या सांकेतिक आकृती : विजयदुर्गचे ग्रहण ते शिकणारा दिवा

१

छायाचित्र म्हणजे वस्तूची हुबेहूब प्रतिमा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतील शास्त्रीय उपकरणांचा इतिहास पाहिला, तर ज्या चित्रांनी ज्ञानात मोठी भर घातली त्यांपैकी कित्येक हुबेहूब नव्हती, असे आढळते. ती एका संकेताने लिहिली गेली होती, आणि तो संकेत ज्याला ठाऊक त्यालाच ती वाचता येत होती. ह्या प्रकारच्या विद्येस आज संगणकीय प्रतिमांकन असे म्हणतात. तीत कॅमेऱ्याने टिपलेली छाप ही अंतिम प्रतिमा नसते. त्या छापेवर गणित करून प्रतिमा सिद्ध केली जाते. गणित सुकर व्हावे म्हणून वस्तूवर पडणाऱ्या, किंवा वस्तूकडून येणाऱ्या, प्रकाशाला मुद्दाम एखादी आकृती दिली जाते. ही आकृती कधी पट्ट्यांची असते, कधी ठिपक्यांची, तर कधी छिद्रे पाडलेल्या पत्र्याची.

ही आकृती कोण ठरवितो व कशाच्या आधारे ठरवितो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. त्याची उत्तरे काळाच्या ओघात बदलत गेली. आरंभी ती निसर्गाने दिली, पुढे गणिती सिद्धान्ताने दिली, त्यानंतर ती यंत्राकडून शोधून घेण्यात आली, आणि गेल्या दशकापासून ती आधारसामग्रीवरून, म्हणजे रूढ शब्दात डेटावरून, शिकली जात आहे. ह्या स्थित्यंतरातील महत्त्वाच्या पायऱ्यांशी महाराष्ट्राचा संबंध आहे, तो दाखविणे हा एक हेतू. दुसरा हेतू असा की, संकेत आणि वाचक ह्यांचे नाते हा भाषाशास्त्राचा जुना विषय असल्यामुळे, ह्या स्थित्यंतराने आपल्या हाती काय आले व हातातून काय निसटू शकते, हे त्या शास्त्राच्या बाजूने पाहावे.

२

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून ईशान्येकडे गेली. ह्या ग्रहणाच्या निरीक्षणासाठी सर नॉर्मन लॉकियर ह्यांचे पथक विजयदुर्ग येथे आले होते. विजयदुर्ग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. 'मेल्पोमिनी' ह्या ब्रिटिश आरमारी जहाजावरील माणसे ह्या पथकाच्या मदतीला होती. त्या निरीक्षणाची आठवण म्हणून सांगितले जाणारे किल्ल्यातील चौथरे आजही 'साहेबाचे ओटे' ह्या नावाने ओळखले जातात.

ह्या स्थळाविषयी एक समजूत प्रचलित आहे, तिचा खुलासा येथेच केला पाहिजे. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे पुष्कळदा सांगण्यात येते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे होते. लॉकियर ह्यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला तो त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबर रोजी, इंग्लंडमध्ये, ग्रहणावाचून. त्या वर्णपटातील पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली, आणि १८९५ मध्ये रॅम्झी ह्यांनी ते मूलद्रव्य पृथ्वीवरील खनिजातून मिळविले. तेव्हा विजयदुर्गचे ग्रहण हे शोधानंतरचे आहे. तथापि ह्यामुळे विजयदुर्गचे महत्त्व कमी होत नाही. ते दुसऱ्या कारणासाठी आहे.

ते कारण म्हणजे तेथे वापरलेला लोलक-कॅमेरा. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश प्रथम एका बारीक फटीतून आत घेतात, कारण फट नसेल तर निरनिराळ्या रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर पडून गोंधळ होतो. लोलक-कॅमेऱ्यात फट नसते. लोलक सरळ भिंगापुढे बसविलेला असतो. चंद्राने सूर्यबिंब जवळजवळ झाकले की कडेला जी चंद्रकोरीसारखी प्रकाशाची रेघ उरते, तीच फटीचे काम करते. सूर्याच्या वातावरणातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाच्या जागी त्या कोरीची एकेक प्रत काचेवर उमटविते. अशा तऱ्हेने एकाच काचेवर वस्तूचा आकार आणि तिचे रासायनिक घटक ही दोन्ही एकत्र नोंदली जातात. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटेच टिकणार असल्यामुळे ही काटकसर अत्यावश्यक होती. त्याच दिवशी देशावर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांचे पथक, तसेच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ह्यांचे पथकही निरीक्षण करीत होते.

आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट ही की, ह्या काचेवरील संकेत कोणी रचलेला नव्हता. कोरीचा आकार चंद्राने दिला आणि रंगांच्या जागा मूलद्रव्यांच्या स्वभावाने ठरल्या. म्हणूनच १८९८ ची काच आजही, त्या पथकातील कोणालाही न विचारता, वाचता येते. तिची किल्ली भौतिकशास्त्रात आहे, आणि ते शास्त्र सर्वांना खुले आहे.

३

निसर्ग नेहमीच अशी सोयीची फट पुरवीत नाही. म्हणून पुढील पायरीवर आकृती मनुष्याने रचली, आणि ती रचण्याचा आधार गणिताने दिला. ह्या गणिताचे मूळ प्रकाशात नसून वजनकाट्यात आहे, हे वाचून नवल वाटेल.

चार आंब्यांची वजने करावयाची आहेत आणि प्रत्येक वजनात काट्याची काही अटळ चूक होते, असे समजा. एकेक आंबा निराळा तोलला तर प्रत्येकाच्या वजनात काट्याची ती पूर्ण चूक उतरेल. त्याऐवजी एकदा चारही आंबे एकाच पारड्यात ठेवावेत, आणि पुढील तीन वेळा जोड्या बदलून दोन एका पारड्यात व दोन दुसऱ्यात ठेवावेत. तोलणे चारच वेळा झाले. परंतु प्रत्येक आंबा चारही वेळा काट्यावर आला, आणि बेरीज-वजाबाकी करून त्याचे वजन काढले असता चूक निम्मीच राहते. ही कल्पना १९३५ मध्ये येट्स ह्यांनी सुचविली व १९४४ मध्ये हॉटेलिंग ह्यांनी ती पुढे नेली. कोणता आंबा केव्हा कोणत्या पारड्यात ठेवावा, ह्याची आदर्श कोष्टके हादामार ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांचा ह्या विषयावरील निबंध १८९३ चा आहे.

ह्या कोष्टकांच्या इतिहासात एका मराठी गणितज्ञाचे स्थान आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) हे लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे अनुमान बोस व पार्कर ह्यांच्यासह १९५९ मध्ये खोटे ठरविल्याबद्दल सर्वश्रुत आहेत. त्याच वर्षी राजचंद्र बोस व श्रीखंडे ह्यांनी एका छोट्या टिपणात असे दाखविले की, ज्या संकेतांतील शब्द एकमेकांपासून जास्तीत जास्त भिन्न असतात अशा एका महत्त्वाच्या वर्गाचे संकेत आणि हादामारची कोष्टके ही मुळात एकच रचना होय. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. तोलण्याची युक्ती आणि संदेश शुद्ध पोहोचविण्याची युक्ती ह्यांचे हे ऐक्य प्रकाशविद्येला फार उपयोगी पडले. अमेरिकेत हार्विट व स्लोन ह्यांनी १९७९ मध्ये ह्या कोष्टकांवर आधारलेल्या प्रकाशयंत्रांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

ह्या परंपरेचे एक उत्तम उदाहरण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेले. 'ॲस्ट्रोसॅट' ह्या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय हे उपकरण कठीण क्ष-किरणांच्या प्रतिमा घेण्यासाठी बनविले होते. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता, आणि त्याचे प्रचालन केंद्र पुण्याच्या आयुका ह्या संस्थेत होते. असे क्ष-किरण साध्या भिंगाने एकत्र आणता येत नाहीत. म्हणून भिंगाच्या जागी टॅंटलम धातूचा छिद्रे पाडलेला पत्रा बसविला. ताऱ्याची दिशा बदलली की पत्र्याची सावली सरकते, व सावलीवरून दिशा काढता येते. आकाशात अनेक तारे असतील तर अनेक सावल्या एकमेकींवर पडतात. परंतु छिद्रांची रचनाच अशी असते की, ती स्वतःवर थोडी जरी सरकवून ठेवली तरी कोठेही खोटा मेळ बसत नाही. ही रचना २५५ घटकांच्या सांकेतिक मालिकेवरून घेतलेली आहे. अशा सोळा रचना शक्य होत्या; त्यांपैकी सात निवडल्या, त्या धातूचे तुकडे एकमेकांना धरून राहावेत ह्या कारणाने. सिद्धान्ताने दिलेल्या शक्यतांतून कारागिरीने निवड केली, असे ह्याचे वर्णन करता येईल.

पत्र्यावरील प्रत्येक छिद्राला येथे कारण आहे, आणि ते कारण कागदावर सिद्ध करता येते. आकाशात पुढे कोणता तारा दिसेल हे रचनाकाराला ठाऊक नव्हते. त्याची त्याला गरजही नव्हती.

४

तिसऱ्या पायरीचे उदाहरण नाशिक येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर ह्यांच्या कामात मिळते. १९९८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी भविष्यकालीन कार्यालयाची कल्पना मांडली. तीत प्रक्षेपकातून खोलीच्या भिंतींवर एक आकृती व लगेच तिची उलट आकृती इतक्या शीघ्रतेने टाकावयाची की, माणसाच्या डोळ्याला साधा प्रकाशच दिसावा; कॅमेऱ्याने मात्र त्या आकृती टिपून खोलीचा आकार मोजावा. लोकांच्या देखत, पण त्यांना न दिसणारे, असे हे लेखन होते.

२००६ मध्ये रासकर, अमित अगरवाल व जॅक टम्ब्लिन ह्यांनी आकृती जागेत नव्हे तर काळात रचली. धावत्या वाहनाचे चित्र घेताना कॅमेऱ्याचे झाकण काही काळ उघडे राहिले तर चित्र फरफटते, आणि त्या फरफटीत काही बारकावे कायमचे नष्ट होतात. ह्या तिघांनी तो काळ ५२ भागांत वाटून झाकण ठराविक क्रमाने उघड-बंद केले. चित्र तरीही फरफटलेलेच आले; परंतु ही फरफट गणिताने उलगडता येण्याजोगी होती. क्रम कोणता असावा? ५२ पैकी निम्मे भाग उघडे आणि पहिला व शेवटचा भाग उघडा, एवढी अट घातली तरी सुमारे १२० लक्ष कोटी क्रम संभवतात. त्या सर्वांची परीक्षा अशक्य असल्यामुळे संगणकाने यदृच्छया सुमारे ३० लक्ष क्रम तपासले व त्यांतील उत्तम तो घेतला.

येथे एक सूक्ष्म बदल झाला आहे. हाच क्रम का, ह्या प्रश्नाला आता सिद्धान्त उत्तर देत नाही. तपासलेल्यांत हा सर्वांत बरा, एवढेच म्हणता येते. तथापि बरा कशाला म्हणावयाचे ह्याचा निकष अद्याप सिद्धान्ताकडूनच आला होता. वाहनांची चित्रे पाहून तो क्रम ठरविला नव्हता.

५

चौथ्या पायरीवर निकषही उदाहरणांकडे गेला. २०१७ मध्ये रासकर ह्यांच्या एमआयटीतील गटाने भिंगावाचून प्रतिमा घेण्याची एक पद्धत मांडली, तीत वस्तूवर टाकावयाच्या आकृती कशा निवडाव्यात ह्याचा गणनेने विचार केलेला होता. २०१८ मध्ये टोरॉंटो विद्यापीठात मिर्देहघान, चेन व कुटुलाकोस ह्यांनी वस्तूचा आकार मोजण्यासाठी प्रक्षेपकाने टाकावयाचे पट्टे, अपेक्षित चूक कमीत कमी व्हावी अशा रीतीने संगणकाकडून घडवून घेतले. आणि २०२० मध्ये त्याच गटाने प्रत्यक्ष प्रक्षेपक व कॅमेरा कामाला लावून, टिपलेल्या चित्रांतील चुकीवरून पट्टे पुनःपुन्हा सुधारण्याची रीत दाखविली. २०२१ मध्ये प्रिन्स्टन येथे बेक व हाइडे ह्यांनी खोली मोजण्यासाठी टाकावयाची ठिपक्यांची आकृती आणि ती वाचणारी गणनपद्धती ही दोन्ही एकत्र शिकविली.

शिकविणे ह्या शब्दाचा अर्थ येथे नेमका सांगितला पाहिजे. ड्यूक विद्यापीठातील २०१९ चे संशोधन ह्यासाठी सोयीचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एका दिव्याऐवजी अनेक लहान दिव्यांची जाळी ठेवली. प्रत्येकाची प्रखरता ही बदलता येणारी एक संख्या. रक्ताच्या नमुन्यातील पेशींत हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत, हे ओळखण्याचे काम न्यूरल नेटवर्क ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणनजालाकडे दिले. ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा पेशींच्या प्रतिमा त्याला देत गेले. उत्तर चुकले की चुकीचे माप जालातून मागे मागे नेऊन दिव्यांपर्यंत पोहोचविले, व प्रत्येक दिव्याची प्रखरता किंचित बदलली. असे पुष्कळ वेळा केल्यावर दिव्यांची एक विशिष्ट मांडणी स्थिर झाली. नेहमीच्या व अन्य प्रकाशयोजनांपेक्षा ह्या मांडणीने ओळखण्यातील अचूकता ५ ते १० टक्क्यांपर्यंत वाढली, असे संशोधकांनी नोंदविले. रक्तलेपाच्या दोन भिन्न प्रकारांवर आणि निरनिराळ्या उपकरणांवर ती टिकते, हेही त्यांनी तपासून पाहिले. हिवतापाच्या प्रदेशात ह्या सुधारणेचे मोल किती, हे सांगावयास नको.

ह्या दिव्यांपैकी अमुकच दिवा प्रखर का, असे विचारले तर उत्तर एकच : शिकविताना दाखविलेल्या पेशींत तो उपयोगी पडला. टॅंटलमच्या पत्र्यावरील छिद्राचे कारण प्रमेयात होते. दिव्याच्या प्रखरतेचे कारण उदाहरणांच्या संग्रहात आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले. परंतु मराठी मूल त्यातील एकही नियम न वाचता, घरात ऐकलेल्या बोलण्यावरून शुद्ध बोलू लागते. त्याचे बोलणे खोटे नसते, उलट ते व्याकरण घोकणाऱ्यापेक्षा सहज असते. मात्र ते कोणत्या घरात ऐकले, ह्याची खूण त्या बोलण्यावर राहते. संगमेश्वराकडच्या मुलाची मराठी आणि नागपूरच्या मुलाची मराठी ह्यांतील भेद असाच उद्भवतो.

वाचकाची बाजू मोडी लिपीवरून अधिक स्पष्ट होते. मोडीत ऱ्हस्व व दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही, आणि शब्दांमध्ये जागाही सहसा सोडलेली नसते. 'सुत' आणि 'सूत' ह्या दोन शब्दांचे लेखन तीत एकच होते. लेखकाने शीघ्रतेसाठी जे टाकून दिले ते वाचक आपल्या भाषाज्ञानातून परत भरून काढतो. संगणकीय प्रतिमांकनाचे मर्म हेच आहे. छापेत माहिती थोडी असते. उरलेली वाचणारी गणनपद्धती आपल्या पूर्वानुभवातून पुरविते. परंतु ज्याने केवळ महसुलाचे कागद वाचले आहेत, असा मोडी-वाचक एखाद्या कौटुंबिक पत्रात 'सुत' असताना 'सूत' वाचण्याचा संभव असतो. आणि वाईट म्हणजे तो अडखळत नाही, ठामपणे वाचतो. शिकलेल्या प्रकाशाचाही धोका हाच. शिकविताना जो जंतू, जो पृष्ठभाग वा जी विकृती दाखविलीच नाही, ती त्या प्रकाशात अंधुक राहील, आणि चित्र मात्र स्वच्छ दिसेल. ड्यूकच्या संशोधकांना दुसऱ्या प्रकारच्या लेपावर व दुसऱ्या उपकरणावर परीक्षा घ्यावी लागली, ती ह्यामुळेच. प्रमेयाची हमी आधी मिळते. शिकलेल्या आकृतीची हमी प्रत्येक नव्या क्षेत्रात पुन्हा कमवावी लागते.

६

हा प्रश्न केवळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा आहे, असे भाषा व इतिहास ह्यांच्या अभ्यासकांनी समजू नये. पुण्याचे पुराभिलेखागार, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि कोकणातील खाजगी घराणी ह्यांच्याकडे मोडी कागदांचे प्रचंड साठे आहेत. त्यांची छायाचित्रे घेणे व यंत्राकडून ती वाचवून घेणे हे काम वाढतच जाणार. मोडी अक्षर ओळखण्याच्या कामावर शिकविलेला प्रकाश त्या कागदांवर टाकला, तर शाई उत्तम उठून दिसेल ह्यात शंका नाही. परंतु खोडलेली ओळ, शिक्क्याचा फिका ठसा, कागदातील जलचिन्ह, दुसऱ्या हाताने मागाहून केलेली दुरुस्ती ह्यांविषयी त्या प्रकाशाला कोणी काही शिकविलेले नसेल, तर ती चिन्हे चित्रातून लोपू शकतील. मूळ कागद जीर्ण होऊन गेल्यावर ते चित्रच अस्सल मानले जाईल. दस्तऐवजाचा काल व प्रामाण्य पुष्कळदा ह्याच चिन्हांवरून ठरत असल्यामुळे ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही.

म्हणून शिकलेल्या प्रकाशाचा त्याग करावा असे नाही. त्याचे कागदपत्र ठेवावेत, एवढेच प्रतिपादन आहे. इतिहासात नक्कल स्वीकारताना आपण ती कोणी, कशावरून, कोणत्या हेतूने केली हे विचारतो. तेच प्रश्न ह्या चित्रांना लावावयाचे. गणनेपूर्वीची मूळ छाप राखून ठेवावी. प्रकाशाची आकृती आणि ती वाचणारी गणनपद्धती चित्राबरोबर नोंदवावी. कोणत्या नमुन्यांवरून ती शिकली त्यांचे वर्णन, निदान त्यांचा प्रदेश, काळ व प्रकार, जतन करावे. शक्य असेल तेथे त्याच कागदाचे साध्या, न शिकविलेल्या प्रकाशातील एक चित्रही घ्यावे.

विजयदुर्गच्या काचेला ह्यांपैकी कशाचीच आवश्यकता नव्हती, कारण तिचा संकेत सर्व काळी एकच राहणार होता. सीझेडटीआयच्या सावल्यांना केवळ पत्र्याचा नकाशा पुरेसा आहे. शिकलेल्या आकृतीची किल्ली मात्र तिच्या उदाहरणसंग्रहात असते, आणि तो संग्रह हरवला तर चित्र उरूनही त्याची परीक्षा करता येणार नाही. आपल्या विद्यापीठांत ज्या विभागांकडे लिपी, पाठ आणि संहिता ह्यांच्या चिकित्सेची परंपरा आहे, त्यांनी असे संग्रह सांभाळण्याचे नियम घडविण्यात भाग घेतला पाहिजे. हे काम अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. पाठभेदाचे मोल ज्यांना शिकविलेले आहे, त्यांचे ते कर्तव्य आहे.